खोली घुमते

"अहो, आधी ते परत न्या!" मी गेटमधूनच ओरडले.

रिक्षात आमचे गोविंदराव कुठे दिसतच नव्हते. दिसत होते ते नुसते अंड्यांचे ट्रे. करड्या पुठ्ठ्याचे, सीटवर, पायाशी, रिक्षावाल्याच्या मांडीला लागून. त्या ढिगामागून आवाज आला, "रिकामे आहेत गं! अंडी कुठायत?"

रिकामे असले म्हणून काय झालं? बडोद्यातल्या मांजलपूरची आमची टेनामेंटची, म्हणजे एकाला एक लागून असलेल्या घरांची ओळ. शेजारी नयनाबेन, त्यांच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा शिरत नाही. बावीस वर्षं आम्ही इथं इभ्रतीनं राहिलो होतो. नयनाबेन तुळशीला पाणी घालता घालता थांबल्या.

"आ बधुं शुं छे, नीरुबेन? ईंडां?"

"खाली छे, खाली!" ट्रे रिकामे आहेत हे गोविंदरावांनी अख्ख्या सोसायटीला ऐकवलं. "अवाज माटे छे!"

"अवाज माटे ईंडां?" आवाजासाठी अंडी कशी, म्हणून नयनाबेननी माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार होते, कपाळ?

सांगण्यासारखं होतं, पण लांबलचक होतं. मी रावपुऱ्याजवळच्या एका शाळेत एकोणतीस वर्षं मराठी शिकवलं. मुलं कमी होत होत मराठीचे वर्ग बंद झाले, त्यालाही आता सात वर्षं झाली. मुलगी शर्वरी पुण्याला. घरात बोलायचं तर गोविंदरावांशी, आणि गोविंदरावांना ऐकू येत नाही. हे त्यांना मान्य नाही. "तू पुटपुटतेस," असं ते गेली अकरा वर्षं मला सांगताहेत. कानाच्या मशीनचं नाव काढलं की उठून अंगणात जातात.

नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात ते लॅगिंगचे सुपरवायझर होते. लॅगिंग म्हणजे वाफेच्या पाइपांना जाड आवरण गुंडाळायचं, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून. एकतीस वर्षं बॉयलर आणि कॉम्प्रेसरच्या मधे उभं राहून काम केलं. कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची, ते यांनी कायम गळ्यात लटकवले. तिथं बोलून उपयोग नसायचा, सगळा कारभार हाताच्या खुणांनी. तळहात खाली दाबला की बंद. बोट हवेत गोल फिरवलं की चालू. घरी जेवतानाही तेच. बोट फिरलं की आमटी वाढायची, तळहात दाबला की पुरे. लग्नानंतर वर्षभर मला वाटत होतं, माणूस अबोल आहे.

तर पुण्यातली एक संस्था अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून घेते. शर्वरीनं माझं नाव कळवलं, माइक पाठवला. मी हौसेनं वाचलं आणि उत्तर आलं, वाचन सुरेख आहे, पण खोली घुमते. दुसऱ्यांदा पाठवलं. मागं रिक्षा, कुकर, कुत्रा, आणि शिवाय खोली घुमते. आता सोमवारपर्यंत तिसरा आणि शेवटचा नमुना पाठवायचा होता. तोही नापास झाला तर ते दुसरं कोणी शोधणार होते. मी वाचावं आणि कोणीतरी ते ऐकावं, एवढंच मला हवं होतं. पण ते फार हवं होतं.

गोविंदरावांनी हे प्रकरण प्लांट बंद पडल्यासारखं हातात घेतलं. गाडी विकल्यापासून आमचं गॅरेज रिकामंच होतं. पुढं शटर, अंगणात उघडणारं एक लहान दार, खिडकी नाही. "इथं स्टुडिओ करू," म्हणाले. मला विचारलं नाही. सरळ जाऊन आमलेटच्या सगळ्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, पालथ्या घातल्या.

दोन दिवस ते गोंद लावून ट्रे चिकटवत होते आणि मी चहा पोचवत होते. शुक्रवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. आत पाऊल टाकल्यावर पोल्ट्रीत आल्यासारखं वाटलं. मधोमध उभं राहून त्यांनी टाळी वाजवली.

"बघ ने. मेला की नाही आवाज?"

आवाज कुठला मरतोय? शटरच्या पत्र्यानं तो झेलला, फरशीनं उडवला, छतानं परत पाठवला. एक टाळी मला चार वेळा ऐकू आली.

"घुमतंय," मी म्हणाले.

"काय?"

"घुमतंय!"

"छे! मला काही नाही ऐकू आलं."

असं म्हणाले आणि स्वतःच्याच हातांकडं बघत राहिले.  ज्या माणसाला घुमणं ऐकूच येत नाही, तो माझी खोली घुमते की नाही ते ठरवायला निघाला होता. वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. माझे दोन दिवस गेले होते आणि हातात उरले होते एकशेऐंशी ट्रे.

संध्याकाळी शर्वरीचा व्हिडिओ कॉल आला. भिंती बघून तिनं डोक्याला हात लावला. "बाबा, ट्रेनी काही होत नाही हो! आवाज शोषून घेईल असं जाड काहीतरी लागतं. रॉकवूल म्हणून मिळतं, बघा."

"काय म्हणते?" त्यांनी मला विचारलं. मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवलं. ते त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं.

"रॉकवूल? ही मला रॉकवूल सांगते? अगं, एकतीस वर्षं मी दुसरं काय गुंडाळलं? दगड वितळवून केलेली लोकर ती! वाफ धरून ठेवते, तर आवाज नाही धरणार?"

"मग ते ट्रे कशाला आणलेत?" मी ओरडले.

"मोबाइलवर एक जण सांगत होता."

जन्मभराचं ज्ञान हाताच्या बोटांत आणि हा माणूस मोबाइलवरच्या पोराचं ऐकून अंड्यांचे ट्रे आणतो. यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. बोलले असते तरी ऐकू गेलं नसतं.

शनिवारी सकाळी पीयूष आला. तो एकेकाळी यांच्या हाताखाली होता, आता स्वतःची लॅगिंगची कामं घेतो. उरलेल्या रॉकवूलच्या लाद्या त्यानं टेम्पोत घालून आणल्या. ट्रे उतरले आणि लाकडी चौकटी उभ्या राहिल्या. तोंडाला फडकं, हातात मोजे, गोविंदराव सुरी फिरवत होते ती अशी की लादी सुतभरही वाकडी गेली नाही. मी दारातून बघत राहिले. कारखान्यातला हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्या खुणेसरशी पीयूष चौकट उचलत होता, ठेवत होता. दोघांत एक शब्द नाही.

कौतुक तासभर टिकलं. भाजी घेऊन परत आले तर गोविंदराव माझ्या कपाटासमोर उभे. एकेक साडी तोंडासमोर धरून तिच्यातून फुंकर मारत होते.

"हे काय चाललंय?"

"कापड असं पाहिजे की हवा आरपार गेली पाहिजे. नाही तर आवाज वरच्यावर परततो. रेशीम बाद."

चौकटींवर माझ्या चार सुती साड्या आधीच ठोकून झाल्या होत्या. त्यात निळी नारायणपेठीही होती.

"अहो, ही मी दोनदाच नेसलेय!"

"पण फुंकर काय सुरेख जाते!"

मी पिशवी तिथंच टाकली आणि आत जाऊन पडले.

रविवारी दुपारी शटरवर आतून गोधड्या टांगल्या, खाली सतरंजी घातली. पंखा लावायचा नाही, कारण तोही माइकमध्ये येतो. चैत्रातला बडोद्याचा उकाडा, आणि मी माझ्याच साड्यांच्या भिंतींमध्ये घामानं निथळत बसलेली. गोविंदराव स्टीलचं स्टूल घेऊन आत आले, चेकिंगला. टाळी वाजवली. यावेळी ती एकदाच वाजली आणि तिथल्या तिथं संपली. त्यांनी आणखी दोन वाजवल्या.

मी पाठमोरी कागद लावत होते. अकरा वर्षांच्या सवयीनं, आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले, "झालं टाळ्या वाजवून? आता निघा बाहेर, बहिरोबा."

"निघतो. पण बहिरोबा काय म्हणून?"

माझ्या हातातले कागद तसेच राहिले. मी वळले नाही. वळले असते तर त्यांना ओठ दिसले असते. समोरच्या निळ्या साडीकडं बघत मी हळूच विचारलं, "चहा घेतलात?"

"घेतला. साखर कमी होती."

"मुद्दामच कमी घालते."

"ठाऊक आहे मला."

घरात माझ्या बोलण्यात भिंती, भांडी, पंखा सगळं मिसळतं आणि त्यांच्या कानात त्याचा काला होतो. इथं माझा आवाज एकटाच पोचत होता. हे मला नंतर शर्वरीनं समजावलं. त्यावेळी मी नुसती टेबल धरून उभी होते.

"नीरू," ते म्हणाले. "तुझा आवाज असा कधी झाला?"

"असा म्हणजे?"

"तुझ्या आईसारखा. शेवटी शेवटी त्यांचा होता तसा." मग म्हणाले, "मला वाटत होतं, तू अजून पहिल्यासारखंच बोलतेस."

अकरा वर्षं मी त्यांच्याशी ओरडतच होते, आणि ओरडण्यात माणसाचं वय कळत नाही. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी वाटलं, आणि माझ्यासाठीही.

"वाचू?" मी विचारलं.

"वाच."

ते उठले नाहीत आणि मीही उठा म्हटलं नाही.

गुरुवारी पुण्याहून उत्तर आलं. नमुना मंजूर, खोली उत्तम. फक्त मागं कोणाचा तरी श्वास ऐकू येतो, पुढच्या वेळी कृपया खोलीत एकट्यानं बसावं.

पहिलं खरं पुस्तक वाचायचं त्या दिवशी मी ते स्टूल उचलून अंगणात नेऊन ठेवलं. काम म्हणजे काम. दार लावलं, माइक चालू केला, पहिल्या पानाच्या दोन ओळी वाचल्या आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. स्वतःवरच चिडून दार उघडलं तर गोविंदराव उन्हात त्या स्टुलावर पाठ ताठ करून बसले होते, आठ वाजताच्या पाळीला आल्यासारखे.

"आत या," मी म्हणाले.

"काय?" रस्त्यावरून टेम्पो चालला होता.

मीच स्टूल उचलून आत आणलं, भिंतीपाशी ठेवलं, मग जरा पुढं ओढलं. ते येऊन बसले. मी दार लावलं.

"श्वास जपून घ्या," मी हळू आवाजात म्हणाले. "त्यांची तक्रार आहे."

त्यांनी तळहात खाली दाबला. मग माझ्याकडं बघत एक बोट हवेत गोल फिरवलं, आणि मी वाचायला लागले.