काउंटर चालू आहे

साबणाच्या वडीवरच्या काळ्या रेघा ओल्या बोटांनी पुसट झाल्या होत्या. शिवकन्यानं वडी काचेवरून एकदा फिरवली, पुन्हा फिरवली, मग एप्रनच्या टोकानं पुसून जरा तिरकी धरली, तेव्हा कुठं लाल उजेडानं तिला ओळखलं — टिंग. हा आवाज आजवर तिचा होता, तिच्या हातानं झालेला. सकाळपासून मात्र तसलाच आवाज पलीकडूनही येत होता, दाराजवळून, जिथं परवापर्यंत दोन आणि तीन नंबरचे काउंटर होते आणि आता माणसाच्या छातीएवढी पांढरी यंत्रं ओळीनं उभी होती. टिंग. हा आपला नव्हे… टिंग. हाही नव्हे.

"ताई, झालं का?" समोरच्या बाईनं विचारलं.

"झालं की. नातीचा ताप उतरला का?"

"उतरला. पण चिडचिड लई करून राहिली."

बाई पिशवी उचलून गेली आणि शिवकन्याला वाटलं, हे यंत्र विचारील का? सकाळी मॅनेजर राजशेखर पहिल्यांदा बोलला, तेव्हापासून हा प्रश्न ती प्रत्येक गिऱ्हाइकामागे स्वतःला विचारत होती, आणि प्रत्येक वेळी उत्तर तिच्याच बाजूनं येत होतं. राजशेखर उदगीरचा, तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा, आवाज न चढवता बोलणारा. "शिवकन्याताई, दुपारी तुमचं काउंटर बंद करू. मग तुम्ही मशीनपाशी उभं राहायचं. लोकांना शिकवायचं. लाल दिवा लागला की हे कार्ड टेकवायचं, बस."

"आणि लोक शिकले की?"

"मग बघू."

मग बघू. तिला हसू आलं होतं. मोठी माणसं लहानांना असंच म्हणतात — आत्ता चल, मग बघू — आणि ते 'मग' आलं की त्यात बघायला आपण नसतो. रात्री नवऱ्याला, निवृत्तीला, सांगितलं तर तो म्हणेल, उभं राहायचंच तर हाय, राहा की. पण आपल्या जागी जे येणार, त्याचं बोट धरून त्याला आपणच चालायला शिकवायचं, आणि वर हसून म्हणायचं, या काका, या मावशी, इथं धरा, तिथं टेकवा… नाही. मी नाही शिकवणार. हे तिनं मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण म्हटल्यासारखं तिला छातीत हलकं वाटलं होतं.

दुपारी राजशेखरनं स्वतः येऊन तिच्या काउंटरच्या तोंडाशी पिवळी साखळी अडकवली आणि 'बंद' लिहिलेली पाटी ठेवली. ती यंत्रांपाशी जाऊन उभी राहिली. दुकान ट्यूशन एरियाच्या तोंडाशीच. क्लास सुटले की पाठीवर दप्तरं घेतलेली पोरंपोरी लोंढ्यानं आत येत — मुखेडची, भोकरची, किनवटकडची, डॉक्टर व्हायला लातुरात आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी. त्यांना शिकवावं लागलंच नाही. कानात वायर, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातानं शेवेची पुडी फिरवली, टिंग, गेले. ती हात बांधून बघत राहिली. यंत्रातली बाई पुण्याकडच्या स्वच्छ मराठीत पुन्हा पुन्हा सांगत होती, कृपया वस्तू पिशवीत ठेवा. कृपया वस्तू पिशवीत ठेवा. तिच्या आवाजात कसलीच घाई नव्हती, कंटाळा नव्हता. ही कधी पाणी प्यायला जाणार नाही, शिवकन्याच्या मनात आलं.

मग अमृतराव आले. रिटायर्ड तलाठी, पांढरी टोपी, हातात कायम एक कापडी पिशवी. दर दोन दिवसांनी येत, थोडंथोडंच सामान नेत, म्हणजे पुन्हा यायला निमित्त राही. त्यांनी 'बंद'ची पाटी पाहिली, शिवकन्याकडे पाहिलं आणि यंत्रासमोर गेले. ती पुढं झाली नाही. होऊ दे फजिती, तिला वाटलं — आणि हे असं वाटल्याचा तिला जरासा धक्काही बसला. अमृतरावांनी चहाची पुडी फिरवली, टिंग. बिस्किटं, टिंग. मग हात मोकळा करायला त्यांनी आपली कापडी पिशवी यंत्राच्या सामान ठेवायच्या चकचकीत फळीवर ठेवली, आणि यंत्र लाल झालं. अनोळखी वस्तू आढळली. कृपया मदतीसाठी थांबा.

"काका, पिशवी दाखवा," दारावरचा वॉचमन भुजंग म्हणाला. त्याचं कामच ते होतं.

"काय दाखवू?"

"काय हाय आत ते. लाल दिवा लागला म्हणून."

मागं उभी असलेली पोरं कानातल्या वायरी काढून बघायला लागली. अमृतरावांनी पिशवी उलटी केली. गोळ्यांची पाकिटं, चष्म्याचं घर, दातांच्या कवळीची डबी, रुमालात बांधलेलं एक केळ. "बघा," ते म्हणाले, "नीट बघा. अजून कुणाला बघायचं हाय?" आवाज चढला नव्हता, पण कवळीची डबी त्यांनी सगळ्यात आधी रुमालाखाली झाकून आत ठेवली.

गळ्यातलं कार्ड नुसतं टेकवायचं होतं. दिवा हिरवा झाला असता, सगळं मिटलं असतं. शिवकन्यानं कार्ड हातात धरलं, आणि टेकवलं नाही. तिनं अमृतरावांची टोपली उचलली, दुकानाच्या मधोमध चालत आपल्या काउंटरपाशी गेली, पिवळी साखळी काढली, पाटी पालथी घातली आणि संगणक सुरू केला.

"या काका. इकडं या."

ते आले. त्यांच्यामागं आणखी कोणी, मग एक लेकुरवाळी, मग आणखी. रांग झाली. राजशेखर आतल्या खोलीतून बाहेर आला, रांग पाहिली, जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"बिल."

"मला वर सांगावं लागंल. तुमच्या जागी यायला पोरी तयार हायेत, ठाऊक हाय ना?"

"हाव. ठाऊक हाय."

तो आत गेला. आणि तिच्या बोटांना आज कशी गती आली होती! — तिच्या आईचे, अव्वाचे, हात असेच चालायचे, पुडी बांधताना. अव्वा… भूकंपाच्या वेळी शिवकन्या तिसरीत होती. त्या पहाटे अप्पा गावातल्या आपल्या किराणा दुकानात झोपले होते. दुकानाच्या दगडमातीच्या भिंती त्यांच्या अंगावर आल्या. मग पत्र्याची शेडं, आणि रोज येणारे ट्रक: तांदूळ, चादरी, बिस्किटं, कुठल्या कुठल्या गावांहून आलेले कपडे. सगळं फुकट. आणि दिवाळी यायच्या आत अव्वानं शेडापुढं बाज टाकली, औशाहून आणलेल्या काडेपेट्या, चहापत्ती, साबण, फण्या तिच्यावर मांडल्या आणि पलीकडं बसली. शिवमूर्तीमामा चिडला होता. "सगळं फुकट मिळून राहिलंय अन् तू दुकान मांडून बसलीस? लोक हसतील."

"हसू दे," अव्वा म्हणाली. "हसले तर बरंच हाय."

आणि लोक आले. ट्रकातून मिळालेली काडेपेटी खिशात असताना दुसरी घ्यायला आले. ट्रकापुढं हात पुढं करायचा आणि मिळेल ते घेऊन सरकायचं. इथं अव्वा विचारायची, झोप लागली का, बैल सापडला का, लेक सासरहून आली का. माणसं बाजेभोवती बसून राहायची. शिवकन्यानं ही गोष्ट कितीजणांना सांगितली होती! लग्नानंतर निवृत्तीला, इथल्या पोरींना, एकदा राजशेखरलासुद्धा. सांगताना दर वेळी तिची मान ताठ व्हायची. आताही झाली. माणसाला माणूसच लागतं. बघ म्हणावं. ही रांग बघ.

तेवढ्यात देविका आत आली. इस्लापूरची, मागच्या गल्लीतल्या हॉस्टेलात राहणारी, दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी. वर्षभर रोज शिवकन्याच्याच काउंटरवर यायची. आपलीच पोर असल्यासारखी शिवकन्या तिला विचारायची — जेवलीस का, टेस्टला किती आले, मागच्या वेळेपेक्षा वाढले का. देविकानं रांगेकडे पाहिलं आणि सरळ यंत्राकडे गेली.

"अगं देविका, इकडं ये की! काउंटर चालू हाय."

पोरीनं ऐकलं नाही. की ऐकलं? तिच्या कानात आज वायर नव्हती. दुधाची पिशवी, पावाचा पुडा, टिंग, टिंग. मग दाराकडं जाता जाता ती थांबली, परत आली, काउंटरच्या कडेला उभी राहिली. डोळे लाल होते.

"काकू, राग मानू नका," ती अगदी हळू म्हणाली. "मशीन विचारत नाही, टेस्टला किती आले."

आणि गेली.

शिवकन्याच्या हातात कुणाची तरी तेलाची पिशवी होती. ती तिनं फिरवली, टिंग झालं, पण ते तिला लांबून ऐकू आलं. मी काय वाईट विचारत होते? मायेनंच ना… एवढ्या लांबून आलेली पोर, कुणी विचारणारं नको का? पण तिच्या डोळ्यांसमोर वर्षभरातली देविका एकेक करून उभी राहायला लागली — पैसे आधीच हातात मोजून धरलेली देविका, 'बरे आले' म्हणून खाली बघणारी, पिशवी न घेताच वस्तू छातीशी धरून पळणारी. हे सगळं तिनं पाहिलं होतं. लाजाळू आहे पोर, असं म्हणून सोडून दिलं होतं.

आणि त्याच बाजेपाशी, त्या शेडापुढं, आता गौरम्मा दिसली. शेजारची गौरम्मा, जिची दोन्ही लेकरं गेली. सगळे बाजेपाशी यायचे तेव्हा ती ट्रकाच्या रांगेत उभी राहायची, उन्हात, एका साबणासाठी. अव्वानं शिवकन्याला पाठवलं होतं, जा, मावशीला बोलावून आण. आणि गौरम्मा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली होती, "तुझ्या अव्वाला सांग, त्या ट्रकवाल्याला माझं नाव ठाऊक न्हाई. म्हणून जाते." तिनं जसंच्या तसं येऊन सांगितलं होतं. अव्वा कितीतरी वेळ फण्या सारख्या करत बसली… गोष्ट सांगताना हा भाग कधी गळाला? कुणी गाळला? दुसऱ्या दिवशीही अव्वानं बाज टाकली होती, हे मात्र नक्की. आणि पुढं केव्हातरी गौरम्मा आपण होऊन आली, तेव्हा अव्वानं तिच्या हातात काडेपेटी ठेवली आणि दुसरीकडं बघत राहिली. एक शब्द नाही. गौरम्मा तिथंच उभी होती, पुष्कळ वेळ.

"ताई?" समोरचा माणूस म्हणाला. अनोळखी, दाढी वाढलेला, एका लहान टोपलीत मोसंबी आणि ग्लुकोजचा डबा. दवाखान्यातून आला असावा. कोण आहे आत? काय झालंय? प्रश्न सवयीनं जिभेवर आला. तिनं तो तिथंच ठेवला. मोसंबी एकेक उचलून पाहिली, एक दबलेलं होतं ते बाजूला काढून चांगलं आणायला सांगितलं, आणि तो आणेपर्यंत रांगेला थांबवून धरलं. माणसानं जाताना मान हलवली. की नुसतीच हलली असेल.

पलीकडं यंत्रं चालू होती. गर्दी त्यांच्याकडंही होती, तिच्याकडंही. चांगली आहेत, तिला पहिल्यांदाच वाटलं; कुणाला ती हवी आहेत, आणि त्यांना हवी असण्याचा हक्क आहे. हे कबूल केल्यावर आपण उठून जाऊ, साखळी अडकवू, असं तिला वाटलं होतं. तिनं वाट पाहिली. तसं काही झालं नाही. उलट सकाळपासून छातीत जो वाद चालला होता, प्रत्येक गिऱ्हाइकामागं पुरावा गोळा करणारा, तो थांबला आणि त्याच्याखाली जे उरलं ते भलतंच कडक होतं: इथून हलायचं नाही.

संध्याकाळी राजशेखर पुन्हा आला. रागावला नव्हता, दमला होता. "वरून फोन आलता. मी म्हणलं, उद्या समजावतो. ताई, खरं सांगा, लोक मशीनवर खूश हायेत का न्हाईत?"

"हायेत."

"मग?"

मघापर्यंत तिच्यापाशी उत्तरं होती: अमृतराव, त्या बाईच्या नातीचा ताप, अव्वाची बाज. आता एकही सांगावंसं वाटेना. तिनं पुढच्या बाईची टोपली जवळ ओढली.

"मग काय," ती म्हणाली. "मी बिल करून राहिले. मागं लोक उभे हायेत, जरा बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. उद्या तिला इथं उभं राहू देतील की नाही, तिला ठाऊक नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे त्या न ठाऊक असण्याची भीती कुठं चाचपून सापडत नव्हती. समोरची बाई अनोळखी होती. शिवकन्यानं तिच्याकडं पाहिलं — बोलावं की न बोलावं, हे त्या चेहऱ्यावर शोधत, घाई न करता.