लाँड्रीतल्या हार्ड डिस्कचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. आपली कहाणी सांगायला बसणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा दमलेल्या आणि क्षमाशील असतात. मी दमलेली आहे, पण क्षमाशील मुळीच नाही. ज्यानं माझे हाल केले त्याचा मी पुरेपूर सूड घेतला, आणि तो कसा घेतला हे सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीच्या कणालाही आत शिरायची परवानगी नव्हती. पांढरे अंगरखे आणि हातमोजे घातलेल्या माणसांनी मला श्वास रोखून जोडलं. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या आहेत. त्या गरगर फिरतात आणि एक बारीकसा काटा त्यांना न टेकता त्यांच्यावर लिहितो, त्यांच्यावरचं वाचतो. तो टेकला की माझा कारभार आटोपला. इतक्या नाजूक जिवाला लाँड्रीत पाठवायचं कुणाच्या डोक्यात आलं, देव जाणे.

पण पाठवलं खरं. लाँड्री एका गल्लीच्या तोंडाशी होती. कॅमेरे बसवणाऱ्या माणसानं मला एका काळ्या रेकॉर्डरमध्ये घट्ट बसवलं आणि तो रेकॉर्डर इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर ठेवला. कॅमेऱ्यानं बघायचं आणि मी लक्षात ठेवायचं, अशी आमची वाटणी होती. दुकानात माणसं तिघंच. मालक, गल्ल्यावर बसणारी त्याची मोठी बहीण, जिला सगळे ताई म्हणत, आणि इस्त्री करणाऱ्या मावशी. मावशींचा हात असा होता की त्यांनी घडी घातलेला सदरा उलगडायला जीव होत नसे.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. एक गिऱ्हाईक शाल हरवली म्हणून भांडायला आलं, तेव्हा ती शाल स्वतःच्याच खांद्यावर टाकून दुकानाबाहेर पडताना मी त्याला दाखवलं. मालक कितीतरी दिवस येईल त्याला ती गोष्ट रंगवून सांगत होता. मीही आत जरा जोरातच फिरत होते. कौतुक कुणाला नको असतं?

मग मालकाला माझी सवय झाली, आणि सवय झाली की माणसं हात झटकतात. आधी त्यानं रेकॉर्डरवर टॉवेलांची चळत रचली. गरम हवा बाहेर जायची जाळी तिच्याखाली गाडली गेली. खालून वाफ, बाजूनं कापसाची भुकटी, डोक्यावर टॉवेल. मी आत भाजून निघत होते. आणि संध्याकाळी तर कहरच. मालकाला एकेक बटण बंद करण्याचा मनस्वी कंटाळा. दिवे, पंखे, इस्त्री, रेकॉर्डर, सगळ्यांचा निकाल तो दाराजवळच्या मेन स्विचनं लावायचा. एका हातानं स्विच खाली ओढायचा आणि दुसऱ्या हातानं शटर. माझं वाक्य अर्धं लिहून झालेलं असायचं आणि पायाखालची जमीन जायची. सकाळी स्विच वर, की पुन्हा धक्का. रोज.

माझ्या तबकड्यांवर ठिकठिकाणी चट्टे पडले. तिथं लिहिलेलं पुसट होऊ लागलं, काटा अडखळू लागला. रेकॉर्डर शहाणा होता. माझी अवस्था ओळखून तो पीं पीं करून ओरडू लागला. मालकानं काय केलं असेल? त्यानं कॅमेरेवाल्याला फोन करून तो आवाज बंद कसा करायचा तेवढं विचारून घेतलं आणि आवाज बंद केला. आजारी माणसाचं तोंड बांधून ठेवलं, म्हणजे घरात शांतता.

मावशींनी एकदा मान वर करून म्हटलंही, "मालक, त्या डब्यातून टकटक येतेय. बघून घ्या एकदा."

"तुम्ही इस्त्री बघा मावशी," मालक म्हणाला, "डब्याचं मी बघतो."

त्यानं काय बघितलं, ते मी भोगलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की याला ज्या दिवशी माझी सगळ्यात जास्त गरज पडेल, नेमकी त्या दिवशी मी मरेन. या विचारावर मी पुढचे कित्येक महिने काढले. सुडाची आशा असली की जीव तग धरतो.

आणि तो दिवस आला. सकाळी मालकानं मेन स्विच वर केला. त्या धक्क्यानं माझा काटा अडकला तो अडकलाच. रेकॉर्डरला जोडलेल्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली, डिस्क सापडत नाही. तिकडे कुणी पाहिलं नाही, कारण तोवर मालक दुकानापुढे पाणी मारायला गेला होता आणि आत इस्त्रीच्या टेबलावरून धूर निघत होता. शाळेच्या मुख्याध्यापकांचा लोकरीचा कोट टेबलावर होता, कोटाच्या कॉलरवर इस्त्री आडवी पडली होती आणि कॉलर जळून काळी झाली होती.

मावशी आल्या त्या या धुरात. मालकानं त्यांना पदर खोचायलाही वेळ दिला नाही. "काल बटण चालू ठेवून गेलात," तो म्हणाला. मावशी म्हणाल्या की आपण बटण बंद केलं होतं आणि इस्त्री तिच्या स्टँडवर उभी ठेवली होती. त्यानं ऐकलं नाही. त्यांना कामावरून काढलं, आणि एवढ्यावर न थांबता दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक लाँड्रीत जाऊन सांगून आला की ही बाई कपडे जाळते. इतक्या वर्षांचं नाव एका सकाळीत मातीत गेलं. आता त्यांना कुणी इस्त्रीला हात लावू देणार नव्हतं.

मावशी गेल्या नाहीत. पायरीवर बसून राहिल्या. "कॅमेरा आहे ना वर?" त्या म्हणाल्या. "दाखवा मला. माझी चूक दिसली तर मीच सगळ्यांना सांगेन."

"दाखवतोच," मालक म्हणाला आणि त्यानं रेकॉर्डरवर कालची संध्याकाळ लावायला घेतली. मी गप्प.

मित्रांनो, तेव्हाचा आनंद काय सांगू! कॅमेरेवाल्याला तातडीनं बोलावणं गेलं. त्यानं आधी टॉवेल उचलले आणि मालकाकडे अशा नजरेनं पाहिलं की मला बरं वाटलं. मग त्यानं माझी केबल बदलली. मी गप्प. रेकॉर्डरला वीज पुरवणारा अडॅप्टर अशक्त झालेला निघाला, तोही बदलला. मी गप्प. शेवटी त्यानं मला बाहेर काढून कानाशी धरलं. "आत हेड अडकतंय, लिहिणारा-वाचणारा काटा," तो म्हणाला. "आता हिला उगाच चालू-बंद करायचं नाही. आधी थंड होऊ द्या."

मला पंख्याखाली ठेवलं. किती काळानं वारा लागला म्हणून सांगू! मग त्यानं मला आपल्या संगणकाला जोडलं. संगणकानं विचारलं, फॉरमॅट करायचं का?

"हो म्हण," मालक म्हणाला आणि स्वतःच बोट पुढे केलं.

कॅमेरेवाल्यानं त्याचा हात धरला. "अहो, हो म्हटलं की सगळं साफ. हिच्यावरचं संगणकाला वाचता येत नाही म्हणून तो तसं विचारतोय. आधी जे निघतंय ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेऊ. एकदाच जमेल, तेही हिच्या मनात असेल तर."

माझ्या मनात अर्थातच नव्हतं. मालक हात जोडून म्हणत होता, "काहीही कर, पण कालचं काढ. मावशींची चूक सगळ्यांना दिसू दे." तो काकुळतीला आला होता आणि मी ऐकत होते. थोडं अजून ऐकावं म्हणून मी सहज आदल्या संध्याकाळची नोंद चाळली, की हा एवढा कशासाठी रडतोय.

ती नोंद मी पाहिली आणि माझा बेत जागच्या जागी बदलला. मी मेले असते, तर या माणसाला दोन दिवस चुटपुट लागली असती आणि जन्मभर तो खरा ठरला असता. मरणं म्हणजे त्याच्यावर उपकार. मी सगळं बळ एकवटलं, चट्टे चुकवत काटा पुढे रेटला आणि ती संध्याकाळ पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत ओकून टाकली. मग काटा तबकडीवर टेकला. तो आवाज मी विसरणार नाही.

पडद्यावर मावशी दिसल्या. त्यांनी बटण बंद केलं, इस्त्री उभी केली, पदर सोडला आणि त्या गेल्या. "बघा," मावशी हळूच म्हणाल्या. चित्र पुढे सरकलं. मालक आला. कोटाची कॉलर त्याला पसंत पडली नसावी. त्यानं इस्त्रीचं बटण चालू केलं, गार इस्त्री कॉलरवर ठेवली आणि तापायची वाट बघत उभा राहिला. तेवढ्यात त्यानं दाराकडे मान वळवली. बाहेरून कुणीतरी हाक मारली असावी. बटण चालू ठेवून, इस्त्री तशीच कोटावर टाकून तो दारापाशी गेला. त्याचा हात मेन स्विचकडे गेला आणि पडदा काळा झाला.

मालकाला खरंच आठवत नव्हतं, एवढं त्याच्या बाजूनं सांगते. त्याहून जास्त सांगणार नाही.

"डिस्क बिघडलेली आहे," मालक अखेर पुटपुटला. "काहीतरी भलतंच दाखवतेय."

"हाक मी मारली होती," गल्ल्यावरून ताई म्हणाल्या. "चल, उशीर होतोय म्हणून. आता गप्प बस."

मालकाचा चेहरा उतरला. त्यानं मावशींकडे न बघताच उद्यापासून कामावर या म्हणून सांगितलं. मावशी उठल्या. "कामाचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी जिथं जिथं माझं नाव घालवलंत, तिथं जाऊन हे सांगा. मी येते बरोबर. ऐकायला."

आता मी कॅमेरेवाल्याच्या खणात जुन्या स्क्रूंच्या सोबतीनं पडून आहे. माझा काटा कायमचा बसला. कुणी मला जोडलं तरी माझ्याकडून एक अक्षर निघणार नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी राबत असेल, तर त्याला वारा लागू द्या. बंद करताना मुळापासून ओढू नका, आधी त्याचं त्याला आवरू द्या. जे जपायचं आहे त्याची दुसरी प्रत ठेवा. आणि कुणी ओरडून सांगू लागलं की आत काहीतरी बिनसलं आहे, तर त्याचा आवाज बंद करण्याआधी त्याचं ऐका. तुम्ही ऐकावं अशी माझी विनंती आहे. नाही ऐकलंत, तर पुढचं तुमचं तुम्ही बघा.

मालक त्या दिवशी गल्लीतल्या एकूण एक लाँड्रीत गेला, हे मला कॅमेरेवाल्याच्या बोलण्यातून कळलं. तोही त्यांच्या मागोमाग गेला होता. शेवटच्या दुकानापर्यंत मालकाचा आवाज पार खाली गेला होता. मान खाली घालून तो काहीतरी पुटपुटला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मावशी फक्त एवढंच म्हणाल्या, "मोठ्यानं."