पेटीत उभी फौज

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या वहिनींचा हात असा काही स्थिर होता, की तांदळाच्या दाण्याएवढ्या चेहऱ्यावर त्या सहज भुवया रेखायच्या. चेहरे असायचे सैनिकांचे. बोटाच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे भालाईत, घोडेस्वार आणि पंख पसरलेला एक ड्रॅगन. रंगवायच्या वहिनी, आणि टेबलावर फाशांच्या जोरावर लढवायचा त्यांचा धाकटा दीर. घरात त्याचं नावच सेनापती पडलं होतं.

या खेळाच्या गेल्या स्पर्धेला सेनापतीने ही फौज फोमच्या खाचांत झोपवून नेली. पोचेपर्यंत भाल्यांच्या काड्या झाल्या आणि घोड्यांची नाकं खरवडून निघाली. वहिनींनी ते पाहिलं आणि मनाशी काय ते ठरवून टाकलं. यंदा त्यांनी प्रत्येक सैनिकाच्या पायाखालच्या चकतीत शर्टाच्या बटणाएवढं चुंबक बसवलं आणि अवजारांच्या जुन्या पेटीला आतून लोखंडी पत्र्याचे मजले केले.

"वहिनी, उभी फौज न्यायची? एक धक्का बसला की भुगा!" सेनापती म्हणाला.

वहिनींनी पेटीचा एक मजला काढून पलंगावर सरळ उलटा धरला. त्यावरची सगळी फौज वटवाघळांसारखी लटकली. फक्त झेंडेकरी टपकन गादीवर पडला.

"बघा! मी काय म्हणत होतो?"

"त्याचं चुंबक वर सरकलंय, पत्र्याला टेकतच नाही." वहिनींनी ते उकरून काढलं, चकतीच्या तळाशी अगदी सपाट चिकटवलं, वाळू दिलं आणि मजला पुन्हा उलटा केला. झेंडेकरी जागचा हलला नाही. "आता बोला, भाऊजी."

सेनापतीने मजला उचलून पेटीत बसवला.

स्पर्धेच्या दिवशी दोघं बसने निघाले. वळणावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि वरच्या फळीवरची पेटी धाडकन खाली आली. सेनापतीच्या तोंडचं पाणी पळालं. "उघडा, वहिनी, उघडा आधी!"

"धावत्या बसमध्ये उघडली तर मात्र नक्की सांडेल," म्हणत वहिनींनी पेटी मांडीवर घेतली आणि खुशाल खिडकीबाहेर बघत बसल्या. शेजारी सेनापती उतरेपर्यंत नखं खात होता.

हॉलमध्ये टेबलावर पेटी उघडली. भालाईत रांगेत उभे होते, घोडेस्वारही ताठ. ड्रॅगनचा एक पंख तेवढा गळून पडला होता.

"मोडला!" सेनापतीने कपाळाला हात लावला.

"निखळला. मोडू नये म्हणूनच सुटा ठेवलाय." वहिनींनी पंख खांद्याजवळ नेला. तिथल्या चुंबकाने तो टक्कन ओढून घेतला.

समोरच्या बाजूला सेनापतीच्या प्रतिस्पर्धी, एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्यांनी आपला पुठ्ठ्याचा खोका उघडला आणि त्या मटकन खाली बसल्या. कापसात गुंडाळलेले त्यांचे धनुर्धारी कुणाचे हात, कुणाचं धनुष्य गमावून बसले होते. पंच म्हणाले, "सैन्य मांडता येत नसेल तर सामना समोरच्यांना द्यावा लागेल."

सेनापतीचा चेहरा उजळला. वहिनी त्याच्याकडे वळल्या.

"असा जिंकलेला सामना कुणाला सांगणार आहात?"

तो ओशाळला. "मी पंचांकडून थोडा वेळ मागून घेतो," म्हणत स्वतःच उठला.

वहिनींनी पर्समधून चिमटा आणि गोंद काढला. नर्सबाईंनी चष्मा पुसला. "टाके घालण्यात माझा जन्म गेला. तुम्ही धरा, मी जोडते." दोघींची अशी काही जोडी जमली की बघ्यांनी टेबलाला गराडाच घातला. हात खांद्यांना लागले, धनुष्यं मुठींत गेली. ज्याचा हात सापडलाच नाही, त्याला नर्सबाईंनी तसाच पहिल्या रांगेत उभा केला.

मग सामना झाला आणि नर्सबाईंनी सेनापतीची दाणादाण उडवली. ड्रॅगन तर पहिल्याच माऱ्यात गारद! आधी जरा हिरमुसलेला सेनापती शेवटी खदखदून हसला आणि त्याने हात पुढे केला. "मावशी, कुठे शिकलात हे?"

"इमर्जन्सी वॉर्डात," नर्सबाई म्हणाल्या. मग वहिनींकडे वळल्या. "रविवारी घरी या. माझ्या पोरांच्या पायांखालीही चुंबकं बसवायचीत."

परतताना बसमध्ये सेनापती घोडेस्वारांना दोष देत होता. वहिनींनी मांडीवरची पेटी नीट धरली.

"घोडेस्वार उशिरा काढलेत तुम्ही. पुढच्या स्पर्धेला मी खेळणार."

"आणि मी काय करू?"

"रंगवायला शिका," वहिनी म्हणाल्या. "घोड्यांच्या नाकांपासून सुरुवात करू."