पहिला घोट मास्तरांचा

पत्र आलं तेव्हा मास्तर ठोशांच्या सरावाच्या पोत्याला ठिगळ लावत बसले होते. दाभण हातात, दोरा दातात. त्यांची तालीम छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली यंत्रं सुरू झाली की वर टांगलेली पोती कुणी न मारताच डुलायला लागायची.

मुंगी पत्र घेऊन दारातच थांबली. मुंगी म्हणजे त्यांची लेक. जन्मली तेव्हा दोन तळहातांत मावली होती, म्हणून मुंगी. आता ती सव्वीस वर्षांची होती, आणि गेल्या महिन्यात तिने जिला आठव्या फेरीत खाली बसवलं ती बाई तिच्याहून वीतभर उंच होती. किताबाची लढत दीड महिन्यावर आली होती.

"बाबा, गेल्या लढतीनंतर घेतलेल्या माझ्या लघवीत औषध सापडलं म्हणतात."

"कसलं औषध?"

"बंदी असलेलं. नाव इतकं लांब आहे की जीभ वळत नाही. आठ दिवसांनी समितीपुढे बोलावलंय. दोषी ठरले तर चार वर्षं घरी बसायचं."

मास्तरांनी दोरा तोडला. मनात सव्विसात चार मिळवले.

"मी काही घेतलेलं नाही, बाबा."

"हे तू मला सांगतेस? वेडे, तुझ्या तोंडात काय जातं ते तुझ्याआधी मला कळतं."

ही काही बढाई नव्हती. धंद्याच्या बॉक्सिंगमध्ये पाण्याच्या बाटलीइतका संशय दुसऱ्या कशाचाच घेत नाहीत. कोण कधी काय मिसळेल, सांगता येत नाही. मास्तर बाटली स्वतः भरायचे, झाकणावर चिकटपट्टी लावून वर सही ठोकायचे आणि ती कमरेला बांधून हिंडायचे. लढतीआधी मुंगीच्या देखत पट्टी फोडायची, पहिला घोट स्वतः घ्यायचा, मनात शंभर मोजायचे, मगच बाटली तिच्या हातात. "आधी मी, मग तू. काही असलंच तर म्हातारं जाईल, लेक राहील." बाकीचे प्रशिक्षक हसायचे. मास्तर त्यांच्याकडे असे बघायचे की जणू सगळ्या धंद्यात स्वच्छ हात काय ते यांचेच.

म्हणूनच त्या दुपारी त्यांनी सगळ्या जगावर संशय घेतला. हरलेल्या बाईची माणसं, मालिश करणारा, मैदान झाडणारी बाईसुद्धा सुटली नाही.

संध्याकाळी गोडबोल्या जिना चढून आला. लढती ठरवणं हा त्याचा धंदा. शिवी दिली तरी साखरेत घोळून देणारा माणूस.

"मास्तर, कळलं. जेवण गेलं नाही हो मला."

"पोट बघून तसं वाटत नाही. काम बोल."

गोडबोल्याने पोत्यावर प्रेमाने हात फिरवला. "समितीत एक माणूस आपला आहे. ते पत्र फडताळात पडेल, वाळवी खाईल. किताबाची लढत ठरल्या दिवशी होईल. मुंगीने फक्त सहाव्या फेरीत जरा दमायचं."

"दमायचं म्हणजे?"

"माणूस दमतोच की, मास्तर. त्यात पाप कसलं? उद्या दुपारपर्यंत सांगा."

त्याला जिन्यावरून ढकलून दिलं नाही, याचं मास्तरांना पुढे बरेच दिवस नवल वाटलं. पण चार वर्षांचा आकडा डोक्यात घण घालत होता.

घरी गेले तर मावशी स्वयंपाकघरात बसली होती. मावशी ही मुंगीच्या दिवंगत आईची बहीण. दिवसा शिवणकाम करायची आणि लढतीच्या दिवशी मुंगीच्या कोपऱ्यात उभी राहून जखमांचं रक्त थांबवायची. कापड असो की कातडं, फाटलेलं बघून तिचा हात कधी कापला नाही.

"भाऊजी, सगळ्या जगाला शिव्या घालून झाल्या असतील तर ऐका. येताना मी औषधवाल्याला मुंगीच्या पत्रातलं ते नाव दाखवलं. तो म्हणाला, हे ताकदीचं औषधच नव्हे. हे अंगातलं पाणी काढून टाकतं. बॉक्सर चोरून घेतात ते वजन उतरवायला, म्हणून बंदी. एरवी म्हातारी माणसं घेतात. छाती कमजोर झाली, पाय सुजायला लागले की. पांढरी बारीक गोळी, मधोमध चीर."

मास्तरांचा हात खिशाकडे गेला आणि वाटेतच थांबला. खिशात मलमाची एक जुनी डबी होती. तिच्यात पांढऱ्या बारीक गोळ्या होत्या, मधोमध चीर असलेल्या. घरात कुणाला कळू नये म्हणून पाकिटातून काढून ते त्या डबीत ठेवायचे आणि पाकीट दवाखान्याच्या दारातच फेकून द्यायचे. त्यामुळे गोळीचं नाव त्यांना कधी पाठ झालंच नाही. डॉक्टर म्हणायचा 'छातीची गोळी', तेही म्हणायचे छातीची गोळी.

आणि मग त्यांना लढतीची दुपार आठवली. कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी गोळी काढली होती, तेवढ्यात बाहेर मुंगीचा आवाज आला. कोरडी गोळी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. त्यांनी ती समोरच्या, अजून पट्टी न लावलेल्या मुंगीच्या बाटलीत टाकली, हलवली, अर्धं पाणी प्यायले. लगेच पंचांचं बोलावणं आलं, की समोरची बाई हाताला पट्ट्या बांधतेय, नियमाप्रमाणे बघायला या. परत आले ते घाईतच. उरलेलं ओतून द्यायचं राहिलं. वरून पाणी भरलं, चिकटपट्टी लावली, सही ठोकली. लढतीआधी पहिला घोट घेतला, शंभर मोजले आणि बाटली स्वतःच्या हाताने लेकीला दिली.

"भाऊजी, तोंड असं का झालंय तुमचं?"

मास्तरांनी डबी काढून टेबलावर ठेवली. मावशीने झाकण उघडलं, एक गोळी बोटावर घेतली, चीर बघितली.

"काखेत कळसा," ती हळूच म्हणाली. मग झाकण लावून डबी त्यांच्याकडे सरकवली.

सकाळी मुंगी दोरीवर उड्या मारत होती. मास्तर समोर जाऊन उभे राहिले. गोडबोल्याला हो म्हटलं तर हे कुणालाच कळणार नव्हतं. कोपऱ्यात उभं राहायचा परवाना दरवर्षी नवा करताना त्यांनी 'कसलाही आजार नाही' असं लिहून दिलं होतं. तेही झाकलेलं राहिलं असतं. वीस वर्षांचा तो कोपरा त्यांचाच राहिला असता. आणि सहाव्या फेरीत लेक खोटंखोटं खाली पडली असती. ती कशी पडेल, गुडघा कुठे टेकेल, हेही बहुधा त्यांनाच शिकवावं लागलं असतं. त्या विचारासरशी त्यांच्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. बाटली, गोळी, गोडबोल्या, सगळं सांगून टाकलं.

मुंगीची दोरी थांबली.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"छातीला, बाबा!"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं! आणि रोज सकाळी मला विचारता, झोपलीस का नीट, कुठे दुखतंय का, लपवू नकोस म्हणून!"

"तुला कळलं असतं तर मला कोपऱ्यात उभं राहू दिलं असतंस?"

"नसतंच दिलं!"

"म्हणून तर."

मुंगी पोत्याकडे गेली आणि तीन मिनिटं त्याला असं बडवलं की कालचे टाके उसवले.  मग ती घाम पुसत वळली.

"समितीला सगळं सांगायचं. त्या गोडबोल्याचंही."

"किताब हातचा जाईल, मुंगे."

"जाऊ दे. पळून कुठे जाणार? कुणाच्या तरी कमरेला पट्टा होऊन बांधलेलाच असतो तो. जाऊन सोडवून आणीन." मग म्हणाली, "आणि सहाव्या फेरीत दमायचं म्हणे! पाचवीपर्यंत तर माझं अंगसुद्धा गरम होत नाही."

दुपारी गोडबोल्या आला. मुंगीने जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच त्याला नाही म्हणून सांगितलं, आणि तो उतरताना जरा जास्तच भरभर उतरला.

समितीची खोली लांबट होती. टेबलामागे तिघं. मध्ये डॉक्टरबाई, त्या अध्यक्ष. मास्तरांनी डॉक्टरची चिठ्ठी आणि डबी पुढे ठेवली आणि बाटलीचा किस्सा एकही शब्द न गाळता सांगितला. सोनेरी चष्म्याचे सदस्य हसले.

"सगळे असंच सांगतात. कुणाच्या बापाची गोळी, कुणाच्या आईची. परवा एकाने मांजराचं औषध सांगितलं."

"साहेब," मावशी मागून म्हणाली, "वजन आदल्या दिवशी झालं होतं. वजनात बसल्यावर पोरगी वजन उतरवायचं औषध कशाला घेईल? भांडी घासून झाल्यावर कुणी राख मागायला जातं का?"

डॉक्टरबाईंनी हसू आवरलं आणि कागद चाळला. "सापडलेला अंश अगदी किरकोळ आहे. गोळी घेतली असती तर इतका कमी आला नसता."

"अजून एक सांगायचंय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी सहाव्या फेरीचं सांगितलं. "समितीतला एक माणूस आपला आहे, असं तो म्हणाला. कोण, ते मला ठाऊक नाही."

 टेबलामागची तिघं एकमेकांकडे बघायचं टाळत होती.

"पुरावा?" सोनेरी चष्मा म्हणाला. "हा तर नुसता आरोप झाला."

दाराशी एक शिपाई उभा होता. रुंद खांदे, नाक चपटं झालेलं. इतका वेळ त्याच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं.

"बाई, बोलू का?" तो म्हणाला. "यांची सहावी म्हणता ना? माझी चौथी होती. तोच माणूस, तेच गोड बोलणं. माझ्याही लघवीचं पत्र असंच फडताळात गेलं. मी दमलो, मग कायमचाच दमलो." त्याने मुंगीकडे पाहिलं. "ही नाही म्हणाली. मग मी कशाला गप्प बसू?"

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "इकडे या. खुर्ची घ्या. पहिल्यापासून सांगा."

निकाल आठवड्याने आला. मुंगीला निष्काळजीपणाबद्दल तीन महिने बंदी. मास्तरांचा परवाना रद्द, आणि तो पुन्हा मिळणार नव्हता. गोडबोल्याची चौकशी सुरू झाली. ती संपेपर्यंत सोनेरी चष्म्याने समितीतून बाजूला राहायचं ठरलं. किताबाची लढत दुसरीच कुणीतरी लढली. तेवढा वेळ मुंगीने घरातल्या सगळ्या खिडक्या पुसून काढल्या.

तीन महिन्यांनी एका साध्याशा सभागृहात तिची लढत होती. कोपऱ्यात मावशी एकटी. मास्तर तिसऱ्या रांगेत, लाकडी खुर्चीवर. मुंगीने त्यांना वेळेवर गोळी घ्यायला लावली होती, सगळ्यांदेखत, ग्लासभर पाण्याबरोबर. वीस वर्षांत त्यांनी प्रेक्षकांतून एकही लढत पाहिली नव्हती. इथून दोर आडवे यायचे, पाय दिसायचे नाहीत, आणि हात कुठे ठेवावेत तेच कळायचं नाही.

घंटा झाली. समोरची डावखुरी होती.

"डावीकडे! अगं डावीकडे सरक! हात वर!" मास्तर खुर्चीतून उठले.

शेजारच्या अनोळखी बाईने त्यांची बाही ओढली. "अहो काका, बसा खाली. तिला कळतंय."

मास्तर बसले. मुंगी डावीकडे सरकली होती, त्यांनी ओरडायच्या आधीच.