झुकलेला शिक्का

माफी मागायला माणसं येणार म्हणून होरिगुचींच्या घरात सकाळपासून साफसफाई चालली होती. म्हणजे तात्सुओ झाडत होता आणि त्याची बायको सुमिए गादीवर आडवी पडून कुठला कोपरा राहिला ते सांगत होती. चूक त्यांची, कबूल करायला येणार ते, आणि घासून लखलखीत करायचं ते आपलं घर. सहा महिन्यांपूर्वी सुमिएला याचं हसू आलं असतं. आता हसलं की बरगडीत कळ यायची. त्यामुळे असले विनोद ती नुसते मनात नोंदवून पुढे जायची.

प्रकरण तसं साधं होतं. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये सुमिएने वाकामिदोरी तपासणी केंद्रात जाऊन मॅमोग्राफी करून घेतली. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. 'दोष: आढळले नाहीत. पुढील तपासणी दोन वर्षांनी.' तिने ते फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलं आणि विसरून गेली.

वर्षभराने आंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला काहीतरी लागलं. सोयाबीनच्या दाण्याएवढं. सुमिए टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात आली, फ्रिजवरचा कागद पुन्हा वाचला आणि केस वाळवायला गेली. नगरपालिकेच्या नोंदणी खिडकीवर तिची सव्वीस वर्षं गेली होती. एकदा एक म्हातारे गृहस्थ आपण जिवंत आहोत असं सांगायला खिडकीशी आले होते; कागदोपत्री ते वारले होते. सुमिएने त्यांना अत्यंत आदराने योग्य तो अर्ज आणायला परत पाठवलं होतं. कागदावर 'नाही' असेल तर नाही, हा न्याय तिने साऱ्या शहराला लावला होता. स्वतःपुरता वेगळा लावायचं काही कारण तिला दिसलं नाही.

यंदा फेब्रुवारीत कंबर धरली. मार्चमध्ये मोठ्या हॉस्पिटलात कळलं की हाडांत पोचलंय, यकृतातही पोचलंय. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी केंद्राकडून दोन वर्षांपूर्वीचा फोटो मागवून घेतला, नव्या फोटोशेजारी लावला आणि जुन्या फोटोवर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "हे तेव्हाही होतं." पडद्यावर एका जागी मीठ सांडल्यासारखे पाच-सात पांढरे कण होते.

त्या दिवसापासून जो तो आपापल्या परीने सुमिएला सावरायला लागला. नणंदेने वाळवलेल्या अळंब्यांची पूड पाठवली. लवकर बरं वाटावं म्हणून ऑफिसातल्या बायकांनी कागदाचे एक हजार सारस घडी घालून पाठवले. मोजून हजार, कारण मोजण्याचं काम नोंदणी विभागाकडे होतं. तात्सुओने भांडी घासायला घेतली आणि तो ती अशी घासू लागला की दोन पातेल्यांचा मुलामा गेला. रागावलं कुणीच नाही. राग आला की तात्सुओ बाल्कनीतल्या टोमॅटोंना पाणी घालायचा. टोमॅटो मुळं कुजून मेले.

सुमिएने स्वतःसाठी एकच शब्द धरून ठेवला होता. दिसलं नसेल. तिने तो जुना फोटो पुन्हा पुन्हा पाहिला होता. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांसारखी तिची छाती दाट, फोटोत सगळीकडे पांढरंच पांढरं; त्यात ते पांढरे कण. बर्फात पांढरा ससा शोधायचा. दिवसाला शंभर फोटो बघणाऱ्या माणसाला कुठून दिसणार? दिसलं नसेल. रोज उठल्यावर ती हा शब्द औषधासारखा घ्यायची, आणि खरं सांगायचं तर औषधापेक्षा तो जास्त लागू पडायचा. फक्त तो तिने घरीच बनवलेला होता. डॉक्टरांच्या तोंडून तो एकदा ऐकायचा होता. आम्ही बघितलं, पण दिसलं नाही. एवढं एक वाक्य मिळालं, की उरलेले महिने शांतपणे काढता येतील, असा तिचा हिशेब होता.

अकराच्या ठोक्याला बेल वाजली.

तिघं आले होते. केंद्राचे उपसंचालक कानबारा, कार्यालय प्रमुख मिनागावा आणि पस्तिशीतले डॉक्टर शिओबारा. तिघांचे काळे सूट, बाहेर छत्तीस अंश ऊन. फोटो दोन डॉक्टर वाचतात; सुमिएचा वाचणाऱ्यांपैकी शिओबारा एक. दुसरे, म्हणजे केंद्राचे प्रमुख डॉक्टर ओकुदाइरा, आले नव्हते. त्यांना गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही असं मिनागावांनी सांगितलं. शिवाय ते मार्चअखेर पुष्पगुच्छ घेऊन निवृत्तही झाले होते.

मिनागावांनी हातातली पेटी दोन्ही हातांनी पुढे सरकवली. योकान होतं, एका नावाजलेल्या जुन्या दुकानातलं. माफीला योकानच न्यावं लागतं. ही गोड वडी विटेसारखी जड असते, आणि जेवढी चूक जड तेवढी पेटी जड. तात्सुओने पेटी उचलली तेव्हा त्याचा हात किंचित खाली गेला. सुमिएला वाटलं, दुकानातल्या बाईने विचारलं असेल, कितपत झालंय? आणि मिनागावांनी आवाज खाली आणून सांगितलं असेल, यकृतापर्यंत.

मग तिघं हुद्द्याप्रमाणे ओळीत बसले आणि कपाळ तातामीच्या चटईला टेकवून वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. समोरचे वाकलेत म्हटल्यावर तात्सुओला राहवेना; तोही वाकला. त्याला वाकलेला बघून पाहुणे आणखी वाकले. थोडा वेळ त्या खोलीत कोण कुणाची माफी मागतंय ते बाहेरच्याला कळलं नसतं. सुमिएच्या पाठीत मणके पोखरलेले असल्याने ती एकटी खुर्चीवर ताठ बसून होती.

मिनागावांनी निवेदन वाचून दाखवलं. प्रत्येक फोटो दोन डॉक्टर स्वतंत्रपणे बघतात, एकमेकांचं मत एकमेकांना कळत नाही, एकाचं चुकलं तर दुसऱ्याने धरावं अशी ही व्यवस्था आहे. दुर्दैवाने या प्रसंगी ते सूक्ष्म कण दोघांच्याही नजरेतून सुटले. केंद्राला याचं अतीव दुःख आहे. यापुढे असं घडू नये म्हणून कर्मचाऱ्यांसाठी दोन व्याख्यानं ठेवण्यात आली आहेत.

दोघांच्याही नजरेतून सुटले. सुमिएने डोळे मिटले. हेच हवं होतं. छातीत काहीतरी सैल झालं, आणि कितीतरी महिन्यांनी तिला चक्क भूक लागली. योकान कापावं का, असाही विचार तिच्या मनात आला.

निवेदनाच्या मागे दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीच्या अहवालाची प्रत जोडली होती. तिनेच रीतसर अर्ज करून मागवली होती, आणि अर्जात एक चूक नव्हती. तिने प्रत हातात घेतली आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने आधी तळाशी बघितलं. कागदावर काय लिहिलंय ते नंतर. सहीच्या जागी मारलेले शिक्के कुणाकुणाचे ते आधी.

तळाशी दोन चौकटी होत्या. दोन्हींत निकालाचा आकडा सारखाच, दोन. पहिल्या चौकटीत ओकुदाइरांच्या नावाचा लाल गोल शिक्का, खांबासारखा सरळ. दुसरीत शिओबारांचा. तो सरळ नव्हता. डावीकडे, ओकुदाइरांच्या शिक्क्याकडे, मान लववून झुकलेला होता.

तात्सुओने हा कागद बघितला असता, किंवा त्यांनी केलेल्या वकिलाने बघितला असता, तर त्यांना त्यात एक घाईत मारलेला शिक्का दिसला असता. सुमिएला घाई दिसली नाही. साहेबाच्या शेजारी आपला शिक्का मारताना तो थोडा डावीकडे कलता मारायचा, म्हणजे आपलं नाव साहेबाच्या नावाला वाकून नमस्कार करतं. हे कुठल्या नियमावलीत नाही. नव्याने लागलेल्या पोरींना तिने स्वतः हात धरून शिकवलं होतं. सरळ मारलास तर उद्धट दिसतं गं. एवढा कल पुरे. जास्त झाला तर लाचार दिसतं.

तिने कागद मांडीवर ठेवला. पुढे काही न विचारता योकान कापायला सांगावं, असं तिला मनापासून वाटलं. जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. पण तोंड खिडकीवरचं होतं. ते आपोआप उघडलं.

"शिओबारा डॉक्टर, हा शिक्का तुमचाच ना?"

"हो."

"तुम्ही मारलात तेव्हा शेजारी साहेबांचा आधीच होता."

मिनागावा मध्ये पडले. दोन्ही वाचनं पूर्णतः स्वतंत्र होतात, असं त्यांनी निवेदनातल्याच शब्दांत पुन्हा सांगितलं.

"मिनागावासाहेब, माझं सगळं आयुष्य यात गेलंय," सुमिए म्हणाली. "रिकाम्या चौकटीपुढे कुणी वाकत नाही."

जवाच्या गार चहाच्या पेल्यांवरून पाणी ओघळत होतं. कानबारांनी आपल्या पेल्याखालचं पाणी रुमालाने टिपलं, अगदी नीट, कडेपर्यंत.

"डॉक्टर, फोटो बघितला होतात का? की नुसता साहेबांचा आकडा बघून मारलात?" असंच असू दे, असं तिला वाटत होतं. आळस चालेल. कंटाळा चालेल. कंटाळा तिला समजत होता.

"बघितला होता," शिओबारा म्हणाले. मग त्यांनी मिनागावांकडे बघितलं नाही, सुमिएकडेही नाही. योकानच्या पेटीकडे बघितलं. "दिसलं होतं मला."

तात्सुओ पाहुण्यांचे अर्धे भरलेले पेले ट्रेमध्ये गोळा करायला लागला.

पुढचं शिओबारांनी न थांबता सांगून टाकलं. त्यांनी आपल्या वाचनाच्या फॉर्मवर आधी तीन लिहिलं होतं. तीन म्हणजे बाईला बोलावून पुढे तपासा. दोन म्हणजे काळजीचं काही नाही. त्याच आठवड्यात ओकुदाइरांनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं की तू फार तीन देतोस, बायकांना उगाच घाबरवतोस, हॉस्पिटलवाले हसतात आपल्याला. दोघांनी शिक्के मारायचा अहवाल समोर आला तर त्यावर साहेबांचा दोन. तीस वर्षं फोटो वाचणारा माणूस. शिओबारांना वाटलं आपलंच चुकलं. म्हणजे, असं वाटलं असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग कारकुनाकडून कोरा फॉर्म मागून त्यावर दोन लिहिलं आणि अहवालावर शिक्का मारला.

"नवीन फॉर्म," सुमिए म्हणाली. खाडाखोड नको म्हणून. तिनेही हेच केलं असतं.

"मी आठवायचे का कधी?" तिने विचारलं.

"नाव माहीत नव्हतं," शिओबारा म्हणाले. "फोटो आठवायचा."

मिनागावा गुडघ्यावर सरकत पुढे आले. डॉक्टरसाहेब भावनेच्या भरात बोलले, हा विषय आजच्या भेटीच्या कक्षेत येत नाही, तेव्हा सध्यापुरतं हे बोलणं झालं नाही असं धरावं, अशी त्यांनी नम्र विनंती केली. शिओबारा तोवर रडायला लागले होते. खांदे हलत होते आणि आवाज बाहेर पडू नये म्हणून त्यांनी तोंडावर मूठ दाबून धरली होती. सुमिएने टिश्यूचा खोका त्यांच्याकडे सरकवला. तेवढ्या सरकवण्यानेही पाठीत चमक निघाली.

"मला माफ करू नका," ते म्हणाले.

"ते तुम्ही सांगायचं नसतं, डॉक्टर. नाक पुसा."

तिने राग येतोय का ते तपासून बघितलं. यायला हवा होता. पण राग शोधायला गेली तर तिला आपलंच टेबल दिसलं, आणि टेबलापुढे नवीन लागलेली एक मुलगी. मॅडम, हा पत्ता चुकलाय असं वाटतं. आणि फाइलमधून मान वर न काढता सुमिए म्हणतेय, साहेबांचा शिक्का आहे ना? मग तुझं काय जातंय, मार शिक्का. त्या पत्त्यावर कोण राहत होतं, पुढे त्यांचं काय झालं, हे सुमिएला कधी कळलं नव्हतं. फाइल बंद झाली होती.

पाहुणे उठले, पुन्हा एकदा वाकले. दारात जोडे घालताना शिओबारांना डावा-उजवा कळेना. तात्सुओ त्यांना सोडायला खाली गेला. "एवढ्या उन्हात आलात, फार त्रास झाला तुम्हाला," असं तो म्हणाल्याचं सुमिएला खिडकीतून ऐकू आलं. गाडी वळेपर्यंत तो रस्त्यावर वाकून उभा राहिला असणार. नाही राहिला तर शेजारी काय म्हणतील.

तो वर आला, तिच्यासमोर बसला आणि गुडघ्यावरची न पडलेली धूळ झटकली.

"निदान खरं काय ते कळलं," तो म्हणाला.

"हो."

"वकिलाला कळवतो. आता केस भक्कम झाली म्हणेल."

"कळवा."

"अगं, थोडं तरी बरं वाटलं का? मनातलं ओझं उतरल्यासारखं?"

सुमिएने खरोखर विचार केला. आजवर ती घरात फारसं खोटं बोललेली नव्हती आणि आता नव्याने सुरुवात करायला वेळ नव्हता. दोन वर्षांपूर्वी जूनमधल्या एका दुपारी या शहरात एका माणसाला माहीत होतं. ती त्या दुपारी काय करत असेल? खिडकीशी बसली असेल, डब्यातला भात खात असेल, पाठ दुखत नसेल. एक फोन आला असता. आज सकाळपर्यंत ते न दिसलेलं होतं, म्हणजे कुणाचंच नव्हतं, पावसासारखं, भूकंपासारखं. आता तिचं मरण एका माणसाच्या टेबलावरून जाऊन आलं होतं, आणि त्याने ते बघून परत पाठवलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "कालपर्यंत मी बरी होते."

तात्सुओने विचारलं, दुपारी जेवायला काय करू? तिने सांगितलं, काहीही. सोमेनच्या बारीक शेवया करतो, गार पाण्यातल्या, गिळायला त्रास नाही, असं म्हणून तो उठला. स्वयंपाकघराचं दार त्याने ओढून घेतलं आणि आतून धूर खेचणारा पंखा सुरू केला, सर्वांत मोठ्या वेगावर.

त्या शेवया शिजायला दोन मिनिटं लागतात. पंखा अर्धा तास चालू होता. सुमिए खुर्चीत बसून ऐकत होती. उठून त्याच्याजवळ जावं असं तिच्या मनात येत होतं, पण दारापर्यंत सात पावलं होती, आणि ती गेली नाही.