सहाव्या डावातली करंगळी

सहाव्या डावात वेंडेल क्राउसची करंगळी बधिर झाली.

चेंडू फेकणाऱ्याची करंगळी उगाच बधिर होत नाही. याआधी दोनदा कोपरातला स्नायुबंध तुटला, तेव्हाही सुरुवात इथूनच झाली होती. पुन्हा तुटला तर मुलीची वेणी घालतानाही हात उचलणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण हल्ली बेसबॉलमध्ये वेगाशिवाय कुणाला कुत्रं विचारत नाही. वर काचेच्या खोलीत आकडेवाले बसतात, त्यांना ताशी अठ्ठ्याण्णव मैल हवे असतात. कोपर काय, दुसऱ्याचं!

डाव संपताच तो सांगायला बाकाकडे आला. पण आज समोरच्या संघाला त्याच्याकडून एकही फटका मिळाला नव्हता; नऊ डाव असंच निभावलं, तर फेकणाऱ्याचं नाव जन्मभर निघतं. असं चाललेलं असताना फेकणाऱ्याशी कुणी बोलत नाही, जवळ बसतसुद्धा नाही. बोललं की नशीब फिरतं म्हणे. गेल्या वर्षी असाच एकजण रंगात असताना त्याला पाणी विचारणाऱ्याला वेंडेलनंच बाकावरून हुसकलं होतं.

त्याचे चेंडू झेलणारा, दहा वर्षांपासूनचा दोस्त ओस्वाल्डो पिनेडा सूर्यफुलाच्या बिया चघळत होता.

"ओस्वाल्डो, ऐक ना. माझी करंगळी..."

ओस्वाल्डोनं घाईघाईनं पाठ फिरवली. "मला काही ऐकू येत नाहीये बाबा," तो पाण्याच्या पिंपाला म्हणाला.

खेळाडूंच्या हातापायांची काळजी घेणारी ब्रेना त्याला येताना बघून आतच पळाली. राहता राहिले कोच टार्व्हर. गेल्या महिन्यात त्यांनी अशाच रंगात आलेल्या एकाला, फार चेंडू टाकून झाले म्हणून बाहेर काढलं होतं. रेडिओवर आठवडाभर लोक त्यांना शिव्या घालत होते, खेळाचं यंत्र करून टाकलंत म्हणून. आज ते वेंडेलला हात लावणार नव्हते.

"कोच, हात..."

"ऊन काय सुरेख पडलंय," टार्व्हर आभाळाकडे बघत म्हणाले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

ओरडून सांगता आलं असतं. पण मोठ्यानं बोललं की ते खरं होईल, अशी त्याला धास्ती होती. शिवाय असा दिवस अर्धवट टाकून जाणाऱ्याला हे गाव जन्मभर भेकड म्हणालं असतं.

आठव्या डावात फलकावरचा वेग उतरायला लागला. लोकांना वाटलं, गडी फसवतोय! ते उभे राहून टाळ्या पिटू लागले. ओस्वाल्डो मुखवट्याच्या जाळीआडून खूश होऊन मान डोलावत होता. आता अनामिकाही बधिर झाली होती. पुढचा चेंडू टाकायला उरलेले सेकंद घड्याळात पळत होते.

मग त्याला सुचलं. फटका बसला की हे मौन संपेल.

त्यानं अंगणात मुलीला टाकावा तसा सरळ, हळू चेंडू दिला. फलंदाज क्षणभर चक्रावला, मग त्यानं तो जोरात हाणला. पण मागे मध्यावर उभ्या पोरानं धावत जाऊन, अंग झोकून झेल घेतला. झेल गेला की फटका धरत नाहीत. मैदान वेडं झालं. वेंडेलला रडू फुटायचं बाकी राहिलं.

पुढच्या फलंदाजालाही त्यानं तसाच चेंडू दिला. हा थेट प्रेक्षकांत जाऊन पडला. सगळं मैदान हळहळलं.

ओस्वाल्डो मुखवटा काढून धावत आला. "जाऊ दे रे, मनाला लावून घेऊ नकोस. बोल आता, काय हवं ते बोल."

वेंडेलनं हात पुढे केला. "करंगळीला चिमटा काढ."

ओस्वाल्डोनं काढला. मग नख रुतवून काढला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"लागतंय?"

"नाही."

"कधीपासून?"

"तू पिंपाशी बोललास ना, त्याच्या आधीपासून."

ओस्वाल्डो तो हात धरूनच ब्रेनाला ओरडून बोलवायला लागला. आता सगळे धावत येत होते.