मिटलेली भेग

भांडुपच्या आमच्या चाळीची वरची गॅलरी सात लाकडी खांबांवर उभी होती. चौऱ्याऐंशी साली, रत्नप्रभावहिनींच्या मुलीच्या हळदीच्या सकाळी, कुंडलिकने मधल्या खांबावर बोट ठेवलं.

"हा गेलाय. वर बायका बसवू नका."

कुंडलिक कारखान्यात सुतार. राहायचा मागच्या बौद्ध वस्तीत. आम्ही चाळीतले सगळे कोकणातले. आम्हाला त्याचं काम चालायचं, त्याचा शब्द चालत नव्हता.

सेक्रेटरी दत्ताराम दाढीचं ब्लेड घेऊन आला. खांबाच्या गाठीपासून केसाएवढी रेघ तिरकी खाली आली होती. ब्लेड आत शिरेना.

"कुठाय रे भेग? ब्लेड जात नाय, आणि चाळ पडणार म्हणे."

"वरून वजन दाबतंय ना, म्हणून तोंड मिटलंय तिचं. मिटल्या मिटल्याच दोन्ही अंगं एकमेकांवर घसरतायत. अशीच वाढते ती. गेल्या आठवड्यात इथवर होती, ही माझी पेन्सिलची खूण."

कुणी वाकून खूण बघितली नाही. मग त्याने ट्रकचा जॅक आणला, खांबाशेजारी लावून वरची तुळई सूतभर उचलली. भार उतरला तशी रेघ उघडली. ब्लेड अर्धं आत गेलं.

"बघा."

"बघतोय," दत्ताराम म्हणाला. "आत्तापर्यंत धड होता. तूच फोडलास."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

कुंडलिकने जॅक उतरवला. भेग मिटली. दत्तारामने पुन्हा ब्लेड फिरवलं. "झाला बरा." लोक हसले.

रत्नप्रभावहिनी हसल्या नाहीत. "कुंडलिकदादा, तुमची लेक शकु असती तर?"

"वर नसती बसवली."

त्यांनी वर जाऊन हळदीचा पाट उचलला आणि पार पलीकडे अंगणात आणून मांडला.

"वहिनी, त्याचं ऐकताय?"

"चेडू माझा आसा, दत्ताराम, लेक माझी. तुमचा ब्लेड तुम्ही सांभाळा."

हळद अंगणात लागली. निम्म्या बायका रुसून उतरल्याच नाहीत. पोरं कडेवर घेऊन वरूनच बघत राहिल्या, नीट दिसावं म्हणून मधल्या कठड्याशी दाटीवाटीने. बरोबर त्याच खांबाच्या डोक्यावर.

कुंडलिकने जॅक परत लावला, दांडा मारून तुळईचा भार जॅकवर घेतला, आणि शेवटची बाई कठड्यावरून हटेपर्यंत गॅलरीखाली जॅकला हात लावून बसला. भेग उघडी होती. या वेळी बघायला कुणी आलं नाही.